दुसऱ्या कडव्यातला श्वास

धाकटी सव्वीस वर्षांची झाली तरी घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणत. घरात माणसं तीन. वडील पियानो लावायचे. म्हणजे कुणाच्या घरी, शाळेत, हॉटेलात जुना पियानो असला की तिथे जाऊन त्याच्या तारा पुन्हा सुरात आणून द्यायचे. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. उजव्या कानाने आता जवळजवळ काहीच ऐकू येत नसे, पण डाव्या कानाचा दबदबा अजून होता. मोठी बहीण शिवणकामाच्या कारखान्यात कापड कापणाऱ्यांची प्रमुख. आई गेल्यापासून घर तिनेच ओढलेलं. आणि धाकटी गायची.

गायची म्हणजे मिळेल तिथे. हॉटेलात, लोक मान खाली घालून जेवत असताना. दुकानाच्या उद्घाटनाला, फीत कापणारा पाहुणा येईपर्यंत. एकदा गाद्यांच्या जाहिरातीत नुसतं ‘हं हं’ एवढंच, तेही तेवीस वेळा. चार वर्षं असे उंबरे झिजवल्यावर एका मोठ्या कंपनीच्या स्टुडिओतून फोन आला, तेव्हा ती स्वयंपाकघरात हातातलं भांडं तसंच धरून कितीतरी वेळ उभी होती.

स्टुडिओ दिव्यांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होता. दार इतकं जड की खांदा लावून ढकलावं लागे, आणि ते मागे बंद झालं की रस्त्याचा आवाज कात्रीने कापल्यासारखा थांबे. तिथला रेकॉर्डिस्ट पन्नाशीचा, बारीक माणूस होता. बाराही महिने स्वेटर घालायचा आणि इतक्या हळू बोलायचा की ऐकणाऱ्याला पुढे वाकावंच लागायचं. त्याने काम समजावून सांगितलं. बाईंचं नवं गाणं तयार झालं की ते आधी कुणीतरी गाऊन ठेवायचं. हे कच्चं गाणं. बाई ते ऐकतात, चाल मनात बसवतात आणि मग स्वतः गातात. कच्चं गाणं पुसून टाकतात.

बाई म्हणजे कोण, हे विचारायची गरजच नव्हती. पस्तीस वर्षं त्यांचा आवाज दुकानांत, टॅक्सीत, दवाखान्यांच्या बाकांवर लोकांच्या कानांवर पडत आला होता. त्यांच्यासाठी गायचं, मग ते पुसलं जाणारं का असेना, म्हणजे धाकटीला आभाळ दोन बोटं उरलं.

अकरा पानांचा कराराचा कागद तिने सोफ्याच्या हातावर ठेवून सही केला. घरी आल्यावर ताईने पहिला प्रश्न तोच केला, की वाचलंस का. धाकटी म्हणाली, वाचायला कुणी नको म्हणालं नव्हतं, पण बाहेरच्या बाकावर आणखी दोघी बसल्या होत्या. ताईने विचारलं, निदान एक प्रत तरी मागून घेतलीस? धाकटीने ताटावरून मान वर केली नाही. ताई कापडावर एकदा कात्री चालवायच्या आधी तीनदा मोजणारी बाई. दुसऱ्या दिवशी तिने भाजीत मीठ दोनदा घातलं.

पहिलं गाणं गाताना धाकटीला सर्दी झाली होती. दुसऱ्या कडव्यात एका शब्दाच्या मधोमध तिचा दम तुटला आणि तिने नको तिथे श्वास घेतला. पुन्हा गाते म्हणाली. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने हात हलवला, चालेल, कच्चंच तर आहे.

दीड महिन्याने ते गाणं बाहेर आलं. बाईंचा तो ओळखीचा, मधात बुडवून काढलेला आवाज. धाकटी आणि ताई भाजी निवडत ऐकत होत्या. दुसरं कडवं आलं आणि त्या शब्दाच्या मधोमध बाईंनी श्वास घेतला. तोच. तसाच, ओढून, जरासा ओलसर.

धाकटीला आधी अभिमानच वाटला. बाईंनी आपल्याकडून काहीतरी उचललं, असं ती चार दिवस सांगत सुटली. ताईने एवढंच विचारलं, त्यांनाही सर्दी झाली होती का?

मग एकामागून एक गाणी आली. धाकटी गायची, महिन्या-दोन महिन्यांनी तेच बाईंच्या आवाजात ऐकू यायचं. दर वेळी तिला त्यात काहीतरी आपलं सापडायचं. घसरलेला एखादा सूर, शब्दाच्या शेवटी जीभ टाळूला लागल्याचा आवाज. तिने रेकॉर्डिस्टला विचारलं, बाई कधी येतात? सकाळी लवकर येतात, त्यांना कुणी असलेलं आवडत नाही, असं तो म्हणाला. पण काचेच्या खोलीतला माइक कायम धाकटीच्या तोंडापाशी असायचा. स्टँडचा स्क्रू तिने पहिल्या दिवशी आवळला होता, तिथेच. फोटोत बाई तिच्याहून चांगल्या वीतभर उंच दिसत. सात महिन्यांत तो स्क्रू कुणी एकदाही फिरवला नव्हता.

त्याच सुमारास एका दुपारी ती घरात कपडे घडी करत गुणगुणत होती. मागच्या खोलीत दुरुस्तीला आणलेल्या पियानोपाशी बसलेले वडील वैतागून म्हणाले, “तो रेडिओ बंद कर गं, मला तार ऐकू येईना.”

“रेडिओ नाही बाबा. मी गातेय.”

वडील उठून दारात आले. हातात पियानोच्या खुंट्या फिरवायची किल्ली होती. त्यांनी तिला आणखी एक ओळ म्हणायला लावली, डावा कान तिच्याकडे करून. मग आत गेले आणि बराच वेळ आतून एकही सूर आला नाही. आपल्या लेकीचा आवाज ओळखता आला नाही, हे त्या कानाला फार लागलं.

पुढच्याच महिन्यात नवे गायक निवडण्याची एक मोठी चाचणी होती. धाकटी गेली. टेबलामागे तिघं बसले होते. तिने दोन ओळी म्हटल्या आणि मधल्या मॅडमनी हसून हात वर केला. नक्कल सुंदर करता, त्या म्हणाल्या, डोळे मिटले तर बाईच समोर आहेत असं वाटतं. पण आम्हाला नवा आवाज हवाय. आता तुमच्या स्वतःच्या आवाजात काहीतरी ऐकवा.

धाकटीने तोंड उघडलं. हा माझाच आवाज, असं सांगायचं होतं. पण त्या क्षणी तिला कळेना की कसं गायलं म्हणजे ते आपलं होईल. तिने जाडा आवाज लावून पाहिला, मग बारीक. तिन्ही माणसं सभ्यपणे कागदांकडे बघत राहिली. ती आभार मानून बाहेर आली. जिन्यात आपली पाळी यायची वाट बघत एक मुलगी गुणगुणत उभी होती. तीही तसंच गात होती, धाकटीसारखं.

एवढ्यावरही कदाचित ती गप्प बसली असती. पण मग तिचं स्वतःचं गाणं आलं. ते तिने वडिलांच्या कामाच्या खोलीत बसून रचलं होतं, शब्दांसकट, आणि स्टुडिओत ते फक्त दोनदा म्हटलं होतं, माइक चालतोय का ते बघायला. ते गाणं टॅक्सीत लागलं. बाईंच्या आवाजात, मागे पंचवीस व्हायोलिन. धाकटी मध्येच उतरली आणि तडक स्टुडिओत गेली.

रेकॉर्डिस्ट चिडला नाही, दचकलाही नाही. तिला बसायला खुर्ची दिली. इथे आलेला आवाज इथलाच असतो, तो म्हणाला, कागदात तसं आहे. तुम्ही गाता, त्याच्यावर आम्ही बाईंचा आवाज चढवतो, जुन्या गाण्यांतून साठवलेला. खुर्चीवर नवं कापड चढवावं तसं. आत खुर्ची तीच असते.

“मग बाई गातात कधी?”

त्याने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाला, “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. लोकांना तुमचं गाणं आवडतंय.”

“मग त्याच्यावर माझं नाव घाला.”

“तुमच्या नावाला कोण ओळखतं?” हे त्याने इतक्या मायेने विचारलं, जणू तिची काळजीच होती. “आणि यापुढे नाही आलात तरी चालेल. आमच्याकडे आता तुमचं पुरेसं जमलंय.”

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. ताईचा चेहरा कापडाच्या गठ्ठ्यासारखा घट्ट झाला. वडील उठले आणि कपाटातून त्यांची जुनी वही काढली. ज्यांचे ज्यांचे पियानो त्यांनी लावले त्या सगळ्यांचे पत्ते त्यात होते. अठरा वर्षांपूर्वी एकदा ते बाईंच्या घरी गेले होते. त्यांनी त्या नंबरवर फोन केला आणि इतक्या वर्षांत तारा उतरल्या असतील, बघून जाऊ का, असं विचारलं. पलीकडे बाईंच्या वहिनी होत्या. त्या म्हणाल्या, या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला वडील आणि धाकटी तिथे पोचले. भर उन्हातसुद्धा घरातले सगळे पडदे ओढलेले होते. पायांखाली जाड गालिचा, त्यामुळे वहिनी पुढे चालत होत्या तरी कुणी चालतंय असं वाटत नव्हतं. पियानो दिवाणखान्यात होता. वडिलांनी झाकण उघडलं, कोट काढला आणि कामाला लागले. एक पट्टी दाबायची, ऐकायचं, किल्ली जरा फिरवायची, पुन्हा दाबायची. धाकटी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होती. त्या कानाने त्यांना पूर्वीपासूनच कमी ऐकू यायचं, कामात अडथळा नको म्हणून लहानपणापासून ती तिथेच उभी राहायची. त्यांनी एक सूर लावला आणि सवयीने तिने त्यात आपला सूर मिसळला. मग त्या सुरावरून न कळत स्वतःचं गाणं सुरू केलं.

शेजारच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत तीन आरशांचं टेबल होतं आणि त्यापुढे कुणीतरी पाठमोरं बसलेलं होतं, कानांवर हेडफोन. धाकटी गात असताना त्या बाईने हेडफोन काढले. वळली नाही. पण तिन्ही आरशांत तिचा चेहरा दिसत होता आणि तिन्ही चेहऱ्यांचे ओठ हलत होते. शब्दाला शब्द. धाकटी लांबवेल तिथे लांबवत, धाकटी तोडेल तिथे तोडत. धाकटी घाबरून थांबली. आरशांतले ओठ आणखी दोन शब्द पुढे गेले आणि मग मिटले.

बाई उठून दारात आल्या. गळ्याभोवती रुमाल होता. त्या बोलल्या तेव्हा आवाज असा आलाच नाही. नुसती हवा, शब्दांच्या आकाराची.

“दुसऱ्या कडव्यात तिथे श्वास का घेतलास?”

धाकटीला क्षणभर कळेचना. मग म्हणाली, “पहिल्या गाण्यात? मला सर्दी झाली होती, बाई.”

“सर्दी,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. “मला तो शब्द रोज मध्ये तोडावा लागतो. वर्ष होत आलं. कुठेही गेले की तेच गाणं लावतात आणि मी तोंड हलवायचं असतं. एकदा चुकले तर कळेल ना लोकांना.”

बोलताना त्यांना धाप लागे, म्हणून बाकीचं त्यांनी पाटीवर लिहून सांगितलं. सहा वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून आवाज नाही. कंपनीने कुणाला कळू दिलं नाही, आणि एकोणीस वर्षांच्या असताना केलेल्या कागदामुळे त्यांनाही सांगता आलं नाही. त्या कागदात आवाज होता, नाव होतं आणि ‘पुढे या नावाने जे जे होईल ते’ असं एक वाक्य होतं. ते वाक्य त्यांनी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा वाचलं. त्यांच्यासाठी गाणारी धाकटी चौथी. आधीच्या तिघींपैकी एक अशीच दाराशी आली होती. तिला वहिनींनी आत घेतलं नव्हतं.

“मी दिवसभर तुझ्यासारखी गायला शिकते,” बाई पुन्हा हवेने म्हणाल्या. “तू माझ्यासारखी गातेस असं लोक म्हणत असतील.”

“म्हणतात.”

“आपल्या दोघींपैकी खरं कोण गातं, हे आता मलाही सांगता येत नाही.”

वडिलांची किल्ली केव्हाच थांबली होती. त्यांनी डावा कान इकडे वळवला होता आणि डोळे मिटले होते. बाईंनी पाटी पुसली, पुन्हा लिहिली आणि धाकटीच्या हातात दिली. त्यावर लिहिलं होतं, की गाणं कुणाचं हे कागद ठरवतो, म्हणून कागद वाचायचा, आणि कळला नाही तर कळणाऱ्याला नेऊन दाखवायचा, मागे कितीही जणी बसलेल्या असोत. आणि कुठल्याही बंद खोलीत गायच्या आधी ते गाणं चार माणसांपुढे, आपलं नाव सांगून गायचं. तेव्हा कोण होतं ते लक्षात ठेवायचं. शेवटी लिहिलं होतं, मला अशी चार माणसं नव्हती, सगळे नुसते ऐकणारेच होते, लक्षात ठेवणारं कुणी नव्हतं.

निघताना धाकटी पाया पडायला वाकली, तर बाईंनी तिला मध्येच धरलं आणि तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली, ताप बघावा तशी. बोटं बर्फासारखी गार होती. वहिनींनी येऊन ती अलगद सोडवली.

यानंतर ताईने सूत्रं हातात घेतली. तिच्या ओळखीच्या वकिलाने कंपनीकडून कागदाची प्रत मिळवली. ताईने ती कापडाच्या टेबलावर पसरली आणि बोट ठेवून ठेवून वाचली. काचेच्या खोलीत धाकटीने गायलेलं सगळं गेलं होतं, कायमचं, त्यात काही करता येण्यासारखं नव्हतं. पण चाल आणि शब्द यांचा त्यात उल्लेखच नव्हता. ही मुलगी स्वतः गाणं रचेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नसावं. आणि ताईच्या फोनमध्ये ते गाणं होतं; स्टुडिओचा फोन यायच्या चार महिने आधीचं, मागे वडिलांच्या किल्लीची टकटक आणि मध्येच ताईचं ‘चहा झाला’ असं ओरडणं. वकिलाने ते कंपनीला ऐकवलं. तीन पत्रं इकडून गेली, दोन तिकडून आली, आणि त्या गाण्याखाली बारीक अक्षरांत धाकटीचं नाव लागलं. ताईने ते भिंगाखाली धरून पाहिलं.

त्याच वर्षी बाईंचा मोठा सत्कार झाला. संध्याकाळी घराघरांत टीव्हीवर दाखवला. तिघंही बघत बसले होते. बाई रुपेरी कपड्यांत उभ्या होत्या, गळ्याला रुमाल, हातात माइक, मागे चाळीस वादक. त्यांनी निवडलेलं गाणं धाकटीचं होतं. ध्रुवपद झालं. पहिलं कडवं झालं. धाकटी पडद्याच्या इतकी जवळ सरकली होती की ताईने तिला मागे ओढलं. एकही शब्द चुकला नव्हता, ओठ आणि आवाज यांत केसाचंही अंतर नव्हतं.

दुसरं कडवं लागलं आणि बाईंनी तोंड मिटलं.

आवाज गात राहिला. बाईंनी माइक खाली आणला, दोन्ही हातांत धरला आणि समोर बघत शांत उभ्या राहिल्या. त्यांच्या मिटलेल्या तोंडासमोर, भरलेल्या सभागृहात, त्यांचा आवाज उंच चढला, वळला, हसऱ्या जागी हसला. वादकांपैकी काहींनी मान वर करून पाहिलं, पण वाजवणं थांबवलं नाही. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर होता आणि तो काढायचं कुणाला सुचलं नाही. त्या घाबरलेल्या दिसत नव्हत्या. खूप दिवसांनी कुणीतरी ओझं उतरवून बाकावर ठेवावं तशा दिसत होत्या. कडवं संपेपर्यंत हे असंच चाललं. मग जाहिरात लागली.

धाकटीने आपल्या गळ्यावर हात ठेवला. बराच वेळ तिला खात्री वाटेना, की आत्ता आपण गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीने तांत्रिक बिघाड असं सांगितलं. लोक चार दिवस भांडले. कुणी म्हणे फसवणूक, कुणी म्हणे बाई भावनेने भरून आल्या होत्या. महिनाभरात बाईंची नवी गाणी आली आणि आधीपेक्षा जास्त ऐकली गेली. त्यातली निम्मी धाकटीने कधी गायलीच नव्हती. तरी ऐकताना जिथे ती श्वास घेईल, तिथेच आवाज श्वास घेई. बाई पुन्हा कुठे दिसल्या नाहीत. वहिनींनी एकदा फोन करून सांगितलं, की आता झोप लागते त्यांना, आणि ते तीन आरशांचं टेबल त्यांनी स्वतः गच्चीत नेऊन ठेवलंय.

धाकटी आता रविवारी सकाळी ताईच्या कारखान्यात गाते. मशिनं बंद असतात, कापडाचे गठ्ठे भिंतीला लावलेले असतात, शिवणाऱ्या बायका आणि त्यांची घरची माणसं मिळून चाळीसेक जण येतात. सुरुवातीला तिने एक ओळ म्हटली की मागून कुणीतरी हमखास म्हणे, अगदी बाईंसारखं. ती थांबायची, आपलं पूर्ण नाव सांगायची, गाणं कधी रचलं ते सांगायची आणि पुन्हा सुरू करायची. लाज वाटायची. वडील पहिल्या रांगेत डावा कान पुढे करून बसतात आणि घरी गेल्यावर कुठला सूर उसना वाटला ते सांगतात. कधी दोन असतात, कधी दहा.

मागच्या आठवड्यात काज-बटणं करणारी एक म्हातारी गाणं संपल्यावर पुढे आली. बाईंबद्दल काही बोलली नाही. तिने विचारलं, ते मधलं गाणं पुन्हा कधी म्हणशील, माझी बहीण येणार आहे ऐकायला. धाकटी म्हणाली, पुढच्या रविवारी. ताईने ऐकायला आलेल्यांची नावं लिहायची वही उघडून तिच्यापुढे सरकवली आणि म्हातारीने चष्मा सावरत, त्या दिवसाच्या तारखेखाली, सावकाश आपलं नाव लिहिलं.